बाळंतिणीचे मन : टॉनिक की औषध?



बाळंतिणीच्या खोलीतील फळी आपण सर्वांनी पाहिलेली आहे. एका बाजूला डिंकाच्या लाडवांचा डबा, त्याच्या शेजारी बाळंतशेपा आणि ओवा, मागे काढ्याच्या बाटल्या, पुढे तेलाची वाटी. आणि हल्लीच्या घरांत त्यांच्या जोडीला रंगीत वेष्टनांतील चूर्णे व कॅप्सुली. आल्यागेल्या प्रत्येक नातलगाने आपल्या मायेची खूण म्हणून एकेक वस्तू त्या फळीवर आणून ठेवलेली असते. आज मी त्या फळीविषयी बोलणार आहे, आणि त्या फळीवर जागा न मिळालेल्या एका कागदाविषयीही बोलणार आहे.

बाळंतपणानंतर काही स्त्रियांना येणारे नैराश्य हा आपला आजचा विषय. त्यावर निसर्गातील वनस्पती, सत्त्वे आणि पौष्टिके द्यावीत, की डॉक्टरांनी लिहून दिलेले औषध द्यावे, असा वाद अनेक घरांत होतो. मी डॉक्टर नाही. मराठी शाळेत मुलांना शिकवणारी एक शिक्षिका आहे. परंतु हा वाद माझ्या स्वतःच्या घरात झाला, त्यात मी चुकीच्या बाजूने बोलले, आणि त्या चुकीची किंमत मला नव्हे, तर दुसऱ्याच कोणाला तरी मोजावी लागली. म्हणून या विषयावर दोन शब्द बोलण्याचे धाडस करीत आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. बेळगावातील आमच्या घरी माझ्या धाकट्या भावजयीला दुसरी मुलगी झाली. बाळंतपण सुखरूप झाले. आईने सव्वा महिन्याची सगळी व्यवस्था केली होती. शेकशेगडी, मालीश, अळिवाची खीर, कशाचीही उणीव नव्हती. पण भावजय दिवसेंदिवस गप्प होत चालली. बाळ झोपले तरी तिला झोप येईना. पुढे ठेवलेले ताट तसेच उचलावे लागे. बाप्तिस्म्याच्या दिवशी घर पाहुण्यांनी भरले होते. ती बाळाला घेऊन उभी होती, पण एखादे गाठोडे सांभाळावे तशी. कोणी म्हणाले, "दुसरीही मुलगीच झाली ना, म्हणून असेल." कोणी म्हणाले, "अशक्तपणा आहे, शक्तीचे काही तरी द्या." मला हा दुसरा सल्ला पटला. मोठ्या शहरातून मी एक महागडा डबा मागवला. त्यावर हिरव्या पानांचे चित्र होते आणि मन प्रसन्न ठेवणाऱ्या वनस्पतींची नावे होती. रोज दोन चमचे दुधातून, असे मी तिला बजावून सांगितले. तीन महिन्यांत डबा रिकामा झाला. तिचे मन होते तेथेच राहिले.

आता आपण हा विकार काय आहे ते थोडे समजून घेऊ. प्रसूतीनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवसाच्या सुमारास निम्म्याहून अधिक मातांना विनाकारण रडू येते, मन हळवे होते, चिडचिड होते. शरीरातील संप्रेरकांचे प्रमाण एकदम घसरते, झोप मोडलेली असते, त्याचा हा परिणाम. दोन आठवड्यांच्या आत हे सारे आपोआप ओसरते. त्यासाठी विश्रांती आणि धीर एवढेच पुरते. परंतु दोन आठवडे उलटल्यावरही मन उदासच राहिले, कशातच गोडी वाटेना, "मी चांगली आई नाही" हा विचार पाठ सोडीना, बाळाविषयी ओढ वाटेनाशी झाली किंवा अतोनात भीती वाटू लागली, तर तो हळवेपणा नव्हे, तो आजार आहे. तिसरा प्रकार क्वचित आढळतो. हजार प्रसूतींमागे एक किंवा दोन मातांना भ्रम होतात, नसलेले आवाज ऐकू येतात, वागणे एकाएकी बदलते. अशा वेळी तास मोजायचे, दिवस नव्हे. तत्काळ रुग्णालय गाठावे लागते. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेत २००९ पासून अशा मातांना बाळासह ठेवून उपचार करणारा स्वतंत्र विभाग आहे.

हा आजार परदेशातून आलेला नाही, की तो केवळ शहरी, शिकलेल्या बायकांचा नखराही नाही. शेजारच्या गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यात प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी पाहता सुमारे २३ टक्के माता या नैराश्याने ग्रासलेल्या आढळल्या, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक सहाव्या महिन्यातही आजारीच होत्या. त्यांतील बहुतेकींचे मन गर्भारपणातच खचलेले होते. गरिबी, नवऱ्याशी बिघडलेले संबंध आणि मुलगी झाल्यावर घरातून मिळणारी वागणूक यांचा या आजाराशी संबंध त्या अभ्यासात स्पष्ट दिसला. भारतातील अशा ३८ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात आला. त्यातही प्रमाण २२ टक्केच निघाले. म्हणजे पाच बाळंतिणींमागे एक. आपल्या गल्लीतील, आपल्या वाड्यातील बाळंतिणी मोजून पाहा, म्हणजे या आकड्याचा अर्थ ध्यानात येईल.

मग त्या फळीवरील वस्तूंचे काय? त्या टाकून द्याव्यात काय? मुळीच नाही. डिंक, मेथी, अळीव, खोबरे, तूप यांनी शिणलेल्या देहाला अन्न मिळते, आणि आणखी एक गोष्ट मिळते: कोणीतरी आपल्यासाठी खपत आहे ही जाणीव. तिचे मोल कमी नाही. शरीरात खरोखर एखादी उणीव असेल, तर ती भरून काढलीच पाहिजे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वर्षे वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. रक्त कमी असले की थकवा येतो, उमेद वाटत नाही. शाकाहारी घरांत ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव पुष्कळदा असते. काही स्त्रियांच्या थायरॉइड ग्रंथीचे काम प्रसूतीनंतर बिघडते, आणि त्याची लक्षणे नैराश्यासारखीच दिसतात. म्हणून शहाणा डॉक्टर प्रथम रक्त तपासतो. उणीव सापडली, तर लोहाची गोळी हे पूरक द्रव्यच त्या वेळी औषध ठरते.

परंतु येथेच आपली गफलत होते. उणीव असेल तर पूरक. उणीव नसेल तर ते कोणती जागा भरणार? लोहाने रक्ताची कमतरता जाते. रक्त सुधारल्यावरही जे नैराश्य तसेच राहते, त्यावर लोहाचा इलाज चालत नाही. माशांच्या तेलातील ओमेगा-३ या घटकाविषयी फार बोलले जाते. आहार म्हणून ते उत्तम आहे. पण या नैराश्यावरील उपचार म्हणून त्याला आजवरच्या चाचण्यांतून पुरेसा आधार मिळालेला नाही. शतावरी दूध वाढावे म्हणून दिली जाते. मन बरे करणे हा तिचा मुख्य उपयोग नव्हे. अश्वगंधा ताण कमी करते असे म्हणतात. परंतु अंगावर पाजणाऱ्या मातांमध्ये तिचा पुरेसा अभ्यास झालेला नाही, तिच्या सेवनानंतर काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, आणि थायरॉइडवरही तिचा परिणाम होऊ शकतो. दशमूलारिष्ट घराघरांत दिले जाते. पण अरिष्ट म्हणजे आंबवून केलेले औषध, त्यात मद्यार्काचा अंश असतो, हे किती जणींना ठाऊक असते? वैद्यांच्या सल्ल्याने घेणे वेगळे, आणि शेजारणीच्या सांगण्यावरून बाटलीमागून बाटली संपविणे वेगळे.

आपण म्हणाल, "निसर्गात मनावर चालणारे काहीच नाही काय?" आहे, आणि त्याचेच उदाहरण फार बोलके आहे. युरोपात पिवळ्या फुलांचे एक झुडूप उगवते. २४ जूनला येणाऱ्या संत जॉन बाप्तिस्टाच्या सणाच्या सुमारास ते फुलते, म्हणून इंग्रजीत त्याला सेंट जॉन्स वर्ट हे नाव पडले. हा तोच सण, ज्या दिवशी गोव्यातील तरुण डोक्यावर पानाफुलांचे मुकुट घालून विहिरींत उड्या घेतात, सांजांव. सौम्य आणि मध्यम नैराश्यावर या वनस्पतीचा खरोखर उपयोग होतो, असे युरोपातील अनेक चाचण्यांत दिसले आहे. मग ती बाळंतिणीला का देऊ नये? कारण जी वस्तू शरीरावर परिणाम करते, ती केवळ आपल्याला हवा तेवढाच परिणाम करून थांबत नाही. ही वनस्पती यकृताचे काम वाढवते, आणि दुसरी औषधे शरीरातून लवकर बाहेर टाकते. त्यामुळे संततिनियमनाची गोळी निकामी होऊ शकते, रक्त पातळ ठेवणारे औषध अपुरे पडू शकते. नैराश्यावरील नेहमीच्या गोळ्यांबरोबर ती घेतली, तर जिवावर बेतणारा प्रसंगही येऊ शकतो. आणि बाळंतिणीच्या नैराश्यासाठी तिची नीट परीक्षा झालेली नाही. सारांश, जी वनस्पती औषधासारखी गुणकारी असते, ती औषधासारखीच धोक्याचीही असते. फरक एवढाच, की औषधाची मात्रा ठरलेली असते आणि त्याचे धोके लिहून ठेवलेले असतात. वनस्पतीच्या डब्यात किती सत्त्व आहे याची खात्री पुष्कळदा नसते. 'नैसर्गिक' आणि 'निर्धोक' हे दोन शब्द समानार्थी नव्हेत. भाषेच्या शिक्षिकेला एवढे तरी आधीच कळायला हवे होते!

ते मला कसे कळले, ते सांगते. भावजयीचा तो रिकामा डबा मी खडू ठेवण्यासाठी शाळेत नेला. डबा मजबूत होता. एके दिवशी चौथीच्या वर्गातील, नुकतेच इंग्रजी वाचू लागलेली एक मुलगी डब्यावरची अक्षरे लावीत उभी होती. पानांच्या चित्राखालची बारीक ओळ तिने वाचली आणि विचारले, "बाई, नॉट फॉर मेडिसिनल यूज म्हणजे काय?"

मी म्हणाले, "औषध म्हणून वापरण्यासाठी नाही."

"मग हे कशासाठी असते?"

मला उत्तर देता येईना. आपल्या देशातील अन्न-नियमांप्रमाणे अशा पूरक पदार्थांच्या वेष्टनावर ही सूचना छापावी लागते. म्हणजे विकणाऱ्याने तर सांगितले होते; मीच वाचले नव्हते. मुलांना रोज "नीट वाचा" म्हणणारी मी, घरातील आजारी माणसाला काय देते आहे ते वाचले नव्हते. त्याच संध्याकाळी मी भावाला म्हणाले, "उद्या आपण हिला डॉक्टरांकडे नेऊ, मनाच्या डॉक्टरांकडे."

तो म्हणाला, "ताई, लोक काय म्हणतील? आणि त्या गोळ्या सुरू झाल्या की बाळाचे दूध बंद. शिवाय त्यांची सवय लागते, म्हणतात."

श्रोतेहो, ही तीन भये आपल्या घराघरांत आहेत. म्हणून डॉक्टरांनी जे समजावून सांगितले ते सांगते. दुधाविषयी पाहता, या विकारावर वापरल्या जाणाऱ्या औषधांपैकी सर्ट्रालीन हे औषध आईच्या दुधात अत्यल्प प्रमाणात उतरते. म्हणून पाजणाऱ्या मातांसाठी ते पुष्कळदा प्रथम निवडले जाते. बहुतेक माता ते घेत असताना बाळाला पाजू शकतात. बाळ दिवसांआधी जन्मलेले असेल किंवा आजारी असेल, तर तेवढे डॉक्टरांना आधी सांगावे. सवयीविषयी पाहता, दारूची किंवा अफूची लागते तशी लालसा या गोळ्यांची लागत नाही. मात्र त्या एकदम बंद केल्या तर चक्कर, अस्वस्थता असा त्रास होतो. म्हणून त्या डॉक्टरांच्या सांगण्यावरून हळूहळू कमी करायच्या असतात. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. पहिल्या काही दिवसांत मळमळ, डोकेदुखी, झोपेत बदल असे होऊ शकते, आणि नेमक्या याच दिवसांत पुष्कळ जण "गुण नाही, उलट त्रासच" म्हणून गोळी टाकून देतात. बरे वाटू लागल्यावरही साधारणपणे सहा महिने ते वर्षभर औषध चालू ठेवावे लागते.

औषध म्हणजे जादू नव्हे, हेही सांगितले पाहिजे. एकाच गोळीने प्रत्येकीला गुण येत नाही. कधी मात्रा, कधी औषध बदलावे लागते. पूर्वी कधी अतिउत्साहाचे झटके येऊन गेले असतील, तर केवळ नैराश्याची गोळी दिल्याने बिघाड होऊ शकतो. म्हणून डॉक्टरांपासून काही लपवू नये. आणि सौम्य आजारात गोळीशिवायही मार्ग आहे. शिकलेल्या समुपदेशकाशी नियमित बोलणे हा सुद्धा पारखलेला उपचार आहे. गोव्यातील 'संगात' या संस्थेने वस्तीतील साध्या, स्वतः माता असलेल्या स्त्रियांना शिकवून तयार केले, आणि त्यांनी खचलेल्या गर्भवतींच्या घरी जाऊन, बाळंतपणानंतरही त्यांच्याशी पद्धतशीर बोलणे सुरू ठेवले. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात, अशी सोबत मिळालेल्या स्त्रियांत सहाव्या महिन्यापर्यंत बऱ्या झालेल्यांचे प्रमाण अधिक होते. सौम्य आजारात बोलणे, मध्यम आणि तीव्र आजारात बोलण्याबरोबर औषध, असा साधारण क्रम आहे. खरा प्रश्न 'नैसर्गिक की रासायनिक' हा नाहीच. आजार किती खोल आहे आणि कोणता उपाय पारखून घेतलेला आहे, हे दोन प्रश्न विचारायचे आहेत.

डॉक्टरांनी भावजयीचे रक्त तपासले. हिमोग्लोबिन कमी होते, त्यासाठी लोह दिले. नैराश्यासाठी वेगळी गोळी लिहून दिली. भाऊ तो कागद घेऊन घरी आला आणि त्याने तो बायबलच्या पानांत ठेवला. श्रद्धेने नव्हे, कोणाच्या दृष्टीस पडू नये म्हणून. तेव्हा माझ्या मनात लख्ख प्रकाश पडला. आम्ही तीन महिने डबा का पसंत केला होता? तो गुणकारी आहे याची खात्री होती म्हणून नव्हे. तो पाहुण्यांसमोर फळीवर ठेवता येत होता म्हणून! "शक्तीचे देतो आहोत," असे सांगताना कोणाची मान खाली जात नव्हती. डॉक्टरांच्या कागदाला मात्र लाज चिकटलेली होती. आमची लाज झाकण्यासाठी आम्ही तिला चूर्ण पाजत होतो.

तिसऱ्या आठवड्यात तिला सलग झोप लागली. पाचव्या आठवड्यात एके दुपारी ती बाळाशी बोलताना मी दारातून ऐकले. पुढे ती पूर्ण बरी झाली; डॉक्टरांनीच वेळ आल्यावर गोळी हळूहळू बंद केली. बऱ्याच दिवसांनी ती मला म्हणाली, "ताई, बाळाचे रडणे मला ऐकू यायचे, पण ते शेजारच्या घरातून येते आहे असे वाटायचे. एकदोन रात्री तर वाटले, मी नसले तर सगळ्यांचेच बरे होईल." त्या रात्री मी शेजारच्याच खोलीत, सकाळच्या दुधात किती चमचे घालायचे याचा हिशेब करीत झोपले होते. माझ्या भाचीचे ते पहिले महिने तिच्या आईला कोणी परत देऊ शकत नाही. डब्याची खरी किंमत ती होती.

म्हणून आज घरातील वडीलधाऱ्यांना माझे सांगणे आहे. बाळंतिणीला भेटायला जाल तेव्हा "बाळ कसे आहे?" याच्या आधी "तुला झोप लागते का?" असे विचारा. एडिंबरो येथे १९८७ साली तयार झालेली दहा प्रश्नांची एक सोपी प्रश्नावली दवाखान्यांत वापरतात. मागील सात दिवस मन कसे होते, एवढेच त्यात विचारलेले असते. ती भरून घेण्याविषयी आपल्या डॉक्टरांना विचारा. रात्रीचे काही तास तरी बाळाला घरातील दुसऱ्या कोणी सांभाळावे. नवऱ्यानेही हे काम केल्याने त्याचा मान कमी होत नाही. काढा, चूर्ण, कॅप्सूल, जे काही चालू असेल त्याची नावे डॉक्टरांना सांगा. आणि ती स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याविषयी बोलली, तर तिला एकटी ठेवू नका, दिवस उजाडण्याची वाट पाहू नका, थेट रुग्णालयात न्या. शासनाची टेलिमानस ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसा किंवा रात्री केव्हाही बोलता येते. रुग्णालयात ठेवले तर बाळ दुरावेल अशीही धास्ती असते. पण २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे उपचार घेणाऱ्या मातेपासून तीन वर्षांखालील मूल सामान्यतः वेगळे करता येत नाही.

आपल्या वाडवडिलांनी बाळंतिणीला सव्वा महिना विश्रांती दिली, कारण तिचा देह थकतो हे त्यांनी ओळखले होते. तिचे मनही आजारी पडू शकते, एवढी भर आपण त्यात घालावयाची आहे. डिंकाचे लाडू अवश्य करा. पण गरज पडेल तेव्हा त्याच फळीवर, त्याच डब्याशेजारी, डॉक्टरांची चिठ्ठी आणि गोळ्यांची पट्टी उघडपणे ठेवा. पाहुण्यांनी विचारले तर सांगा, "तिला बरे नव्हते, औषध चालू आहे." ताप आल्यावर आपण एवढेच सांगतो, त्याहून अधिक काही सांगण्याची गरज नाही.